खिडकीतली जनावरं : प्रकल्प नोंदी

रविवार, २९ मार्च २०२०. वडगाव, बेळगाव

धाकटीनं आज हत्तीला दाराआड एकटं बसवलं. पुढ्यात पाण्याची वाटी, अंगावर माझा जुना रुमाल. "चौदा दिवस कुणी हात लावायचा नाही," म्हणाली. हत्तीचं नाव गंपू. गेल्या वर्षी खडेबाजारात घेतलेला, करड्या फरचा, एक कान पुन्हा शिवलेला. सहा वर्षांची पोर हे कुठं शिकली ते कळतंच. टीव्ही सकाळपासून चालू असतो. पण गंपूशिवाय तिला झोप येत नाही. रात्री ती माझ्या आणि आज्जीच्या मधे झोपली, मध्येच उठली, दारापाशी गेली आणि चार पावलं लांब उभी राहून "गंपू, झोपलास?" असं विचारून परत आली. मी जागीच होते.

म्हणून सकाळी ही वही काढली. घरातल्या चिंध्यांची जनावरं शिवायची आणि ती घरात कुठं बसतात, पोरं त्यांच्याशी काय बोलतात ते लिहून ठेवायचं. लग्नं रद्द झाल्यात, त्यामुळं ब्लाऊज, फॉल-पिको काही नाही. जनता कर्फ्यूपासून ह्यांचे दोन्ही माग बंद आहेत. कपाटाखाली तीन पोती तुकडे आहेत : अस्तराचं सुती कापड, फॉलच्या कडा, मागावर खराब निघालेले साड्यांचे काठ.

मंगळवार, ३१ मार्च

पहिली गाय उभी राहिना. कागदावर बाजूनं दिसणारी गाय काढली, दोन भाग कापून जोडले, तर झाली उशी. चार पायांचं जनावर उभं करायचं तर पोटाखाली तिसरा तुकडा लागतो. चारही पायांच्या आतल्या बाजू त्यातच येतात. मी त्याला पोटपट्टी म्हणते. ब्लाऊजच्या काखेत पट्टी घालतो तसाच हिशेब. दुसऱ्या गाईला पट्टी घातली ती रुंद झाली, पाय फाकले, गाय बसली. तिसऱ्या वेळी पट्टीला मधोमध उभा टक घेऊन ती आत ओढली, तेव्हा कुठं पाय सरळ आले.

पुढच्या कामासाठी : वळणावर कात्रीनं बारीक चिरा द्यायच्या, नाहीतर उलटल्यावर कापड ओढतं. मान सगळ्यात आधी भरायची, तीही लाटण्याच्या टोकानं ठासून. सैल राहिली तर दोन दिवसांत डोकं लवंडतं. काठाचं कापड कृत्रिम रेशमाचं, त्याचे धागे सुटतात. तिथं शिवणीला पाव इंच जास्त ठेवायचं आणि आतून अस्तर लावायचं.

डोळ्यांना बटणं लावली होती ती रात्री काढली. समोरच्या घरात दीड वर्षाचं बाळ आहे, हातात येईल ते तोंडात घालतं. आता सगळ्यांचे डोळे दोऱ्याचे, गाठीच्या टाक्याचे.

सासूबाईंनी गाय उलटीसुलटी करून बघितली. "हिला कास कुठाय गं?" तीही शिवली.

रविवार, ५ एप्रिल

रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे. धाकटीनं गाय, नवी मांजर आणि गंपू असे तिघंही खिडकीच्या गजांत बसवले. गंपूचे अजून सात दिवस बाकी आहेत, पण आजच्यापुरती सूट मिळाली, "त्यांना पण बघू दे की." आम्ही पणती लावली, थोरल्यानं मोबाइलची बॅटरी धरली. समोरचं बाळ आईच्या कडेवर होतं. सगळ्या गल्लीत दिवे, आणि ते बाळ बोट दाखवतंय आमच्या खिडकीकडं : "हम्मा."

त्याच्या आईनं दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून मान हलवली. ह्या दिवसांत सगळेच एकमेकांची नजर चुकवतात. कुणाला खोकला येतो, कोण कुठून आलाय, ह्याच्यावर सगळ्यांचं लक्ष.

बुधवार, ८ एप्रिल

नणंदेनं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. न्यूझीलंडमध्ये लोकांनी खिडक्यांत टेडी अस्वलं मांडलीत, पोरांनी आईबापांबरोबर पाय मोकळे करायला निघाल्यावर ती मोजत जावीत म्हणून. तिथल्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनीही आपल्या खिडकीत एक ठेवलंय. बघून अंगावर काटा आला. आमच्याकडं हे आपसूक झालं होतं.

गल्लीत सांगून बघते. आमच्यातली पोरं फिरायला जात नाहीत, पण सकाळी दुधाला एक मोठं माणूस जातं, त्याच्यासोबत एखादं पोर गेलं तर त्याला बघायला काहीतरी असेल.

शेजारचे अज्जा कट्ट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. हयात हातमागावर गेलेली, आता डोळ्यांनी अधू. म्हणाले, "तंगी, नमगोंद एत्त माडिकोड." आम्हालाही एक बैल करून दे. मला ते धाकटी बहीण म्हणतात आणि मी त्यांना अज्जा म्हणते, त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही.

सोमवार, १३ एप्रिल

गंपू काल सुटला. धाकटीनं त्याला आंघोळ घालायचा हट्ट धरला, पण ओला हत्ती वाळणार कधी म्हणून ओल्या फडक्यानं पुसण्यावर मिटलं. रात्री ती त्याला मिठी मारून झोपली ती सकाळी आठपर्यंत. गेल्या पंधरा दिवसांत इतकी सलग झोपली नव्हती.

अज्जांचा बैल झाला. त्यांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचाच. नेऊन दिला तर त्यांनी चष्मा लावून शिंगांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मी गाईसारखी पुढं वळलेली शिंगं लावली होती. "खिलारीची शिंगं अशी नसतात. मागं झुकतात, मग वर जातात. तलवारीगत." त्यांनी हवेत बोटानं काढून दाखवली.

तार घालायची नाही हे ठरलेलं. मग त्यांनीच उपाय सांगितला. सुताला देतात तशी तांदळाची खळ करायची, सुतळीला पीळ देऊन तिच्यात बुडवायची आणि हवी तशी वाकवून वाळवायची. मी पितळी तांब्याच्या गळ्याभोवती बांधून वाळवली. दोन दिवसांनी निघाली ती शिंगंच. टोकांना लाल गोंडे. बैल आता त्यांच्या खिडकीत उभा आहे, तोंड रस्त्याकडं.

मंगळवार, १४ एप्रिल

बंदी ३ मेपर्यंत वाढली. पांढरा दोरा संपला, दुकानं बंद. ह्यांनी मागाच्या, सूत गुंडाळलेल्या कांड्या काढून दिल्या. ते सूत निसरडं आणि नाजूक, मशीनवर तुटतं. दोन पदर एकत्र पिळून मेणावरून ओढले की हातशिलाईला चालतं. आता सगळं हातानं, उलटी टीप.

रविवार, २६ एप्रिल, अक्षय तृतीया

आजचा दिवस वाईट गेला. गल्लीत सात खिडक्यांत जनावरं झालीत, त्यातली चार हाताळून मळली म्हणून काल मी ती धुवायला घेतली. थोरल्याच्या सरांनी पाठवलं होतं की ह्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं. म्हणून साबणाच्या पाण्यात चांगली बुडवून ठेवली. लाल काठाचा रंग सुटला आणि पांढरी गाय गुलाबी झाली. ते एक वेळ चाललं असतं, पण आतल्या कापसाच्या गाठी झाल्या. आज हात लावला तर बाहेरून कोरडी, दाबलं की आतून पाणी. कुबट वास येतोय.

समोरच्या बाळाचा ससा त्यातच आहे. ते सकाळपासून खिडकीच्या गजाला धरून रडतंय आणि माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. चारही जनावरं उसवली, कापूस पत्र्यावर पसरला.

संध्याकाळी अज्जांच्या सुनेनं एक जुनी उशी आणून दिली, सावरीच्या कापसाची. तो कापूस भिजतच नाही म्हटलं तरी चालेल. चिमूटभर पाण्यात टाकून बघितला, तरंगत राहिला. तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो म्हणे. उडतो फार, नाकातोंडात जातो. मास्क लावूनच भरला.

नवा नियम : काठ आधी वेगळा धुऊन घ्यायचा, पाणी नितळ येईपर्यंत. पोटाखाली तीन बोटं शिवण हाताची ठेवायची, म्हणजे धुताना भरण काढता येतं.

शनिवार, २ मे

मास्क शिवायचं काम मिळालं, दोनशे नग. इलॅस्टिक कुठंच नाही, म्हणून नाड्या.

उरलेल्या कापडावर पोरांची नजर. गाईला, मांजराला मास्क झाले. गंपूपाशी गाडी अडली. थोरला म्हणाला, तोंड सोंडेखाली असतं, तेवढं झाकलं की झालं. धाकटी म्हणाली, श्वास सोंडेनं घेतो, सोंड उघडी ठेवून काय उपयोग. अर्धा तास दोघं भांडली. शेवटी सोंडेला बाही शिवली, टोकाला चुणी घालून. धाकटीचं बरोबर होतं आणि थोरल्यानं ते मान्य केलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण तो बारा वर्षांचा आहे आणि सहसा मान्य करत नाही.

शनिवार, ९ मे

हे दीड महिना फारसे बोलले नव्हते. सकाळी मागाच्या खोलीत जायचं, झाकलेल्या बीमवरची धूळ झटकायची, परत यायचं. विचारलं तर "काय बोलायचं?" साड्या गठ्ठ्यांनी पडून, व्यापारी फोन उचलत नाहीत. आज दुपारी खोलीतून करवतीचा आवाज आला.

एक झिजलेला धोटा होता, टाकायचाच. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मधे कांडी बसवायला लांबट पोकळी. ह्यांनी दोन्ही टोपणं काढली, एक टोक आडवं चिरून जबडा केला, कानशीनं दात पाडले, टोकं घासून बोथट केली. मोडक्या कांड्यांच्या चकत्या कापून चार चाकं. मगर झाली. रंग नाही लावला. वर्षानुवर्षं हातातून आणि सुतातून सरकून त्या लाकडाला जी झिलई आलीय ती कुठल्या रंगानं येणार नाही.

"धोटा गेलाच होता, मगर होऊ दे की त्याची," एवढंच बोलले.

धाकटीनं मगर हातात घेतली, मधली पोकळी बघितली, पळत जाऊन खारूताईला आणलं आणि आत निजवलं. खारूताईला ताप आहे. मगर ॲम्ब्युलन्स आहे. सोप्यापासून न्हाणीपर्यंत चाकांचा खडखडाट. सासूबाई म्हणाल्या, "चालू झाला बघ माग." ह्यांना हसू फुटलं.

रविवार, २४ मे

माझं माहेर चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पलीकडं. जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगाव. भाऊ रताळ्यांची गाडी घेऊन इथल्याच मार्केट यार्डात येतो. गाडीवर पाऊण तासात मी आईच्या दारात असायची. आता रस्त्यावर मुरमाचे ढीग, पलीकडं पोलीस. १८ तारखेपासून तर महाराष्ट्रातून कुणालाच आत घेणार नाहीत, महिनाअखेरपर्यंत. आई फोनवर म्हणते, "सीमा सीमा ऐकत आलो गं जन्मभर, खरं डोळ्यांनी आत्ता बघितली."

भावाची मुलगी पाच वर्षांची. ती आणि धाकटी रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलतात, म्हणजे जनावरंच बोलतात. ही इकडून गाय धरते, ती तिकडून रिकामा हात. तिच्याकडं जनावर नाही. परवा रिकामा हात पडद्यापुढं धरून "मी ससा आहे" म्हणाली, आणि मला पुढचं दिसेना.

दोन रात्री बसून ससा शिवला. सावरीचा कापूस, गुलबट अस्तराचे कान. भाजीच्या टेम्पोला पास असतो. ओळखीच्या टेम्पोवाल्याकडं दिला. सश्याला पिशवीत घालायचं ठरलं तेव्हा धाकटीनं त्याच्या पायाला निळ्या शाईचा शिक्का मारला, लोकांच्या हातावर मारतात तसा. "नाहीतर त्याला अडवतील."

काल शिनोळीत भावानं ससा घेतला. टेम्पो परत आला तेव्हा त्यात किलोभर काजू आणि कागदात गुंडाळलेली एक आंब्याची कोय. धुऊन, उन्हात वाळवून, वरच्या केसांना फणीनं भांग पाडलेला. दोन मिरं चिकटवून डोळे. खाली भावाच्या अक्षरात : "हा उंदीर आहे. त्याला चौदा दिवस वेगळं ठेवणे."

ठेवलाय. दाराआड, गंपूच्या जागेवर.

शुक्रवार, ५ जून

आज वटपौर्णिमा आणि आजच कर हुन्निमे, कर्नाटकी बेंदूर. वडाला न जाता वडाची फांदी कुंडीत खोचून पूजा केली. फांदी तोडून आणणं मनाला पटत नव्हतं, पण सासूबाईंपुढं इलाज नव्हता.

बैलांची मिरवणूक नाही. शेतावरच्यांनी आपापल्या दारातच शिंगं रंगवली. अज्जांनी खिडकीतल्या बैलाला हळद लावली आणि त्याच्या पुढ्यात कडबू ठेवला. धाकटीनं विचारलं, खरा बैल नाही तर पूजा चालते का? अज्जा म्हणाले, थांब पंधरा दिवस, दाखवतो.

माग अर्धे चालू झालेत. आमचा एक. साडीला उठाव नाही.

रविवार, २१ जून

सकाळी दहा ते दीड सूर्यग्रहण. चूल पेटली नाही. आणि आजच मण्णेत्तिन अमावस्या. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. इकडं घरोघर मातीची बैलजोडी पुजतात. दरवर्षी कुंभार टोपल्या भरून आणतात, खानापूरकडची माती तर ह्या कामाला नावाजलेली. यंदा गल्लीत कुणी आलं नाही.

अज्जांनी काल सुनेकडून शेतातली काळी माती मागवली. ग्रहण सुटल्यावर कट्ट्यावर बसले, पोरं हातभर लांब ओळीत. नुसती काळी माती वाळली की तडकते. तिच्यात राख आणि पिंजलेला कापूस घालायचा, कणीक मळतात तशी मळायची आणि ओल्या फडक्याखाली ठेवायची. कापूस कुठला? एप्रिलमध्ये माझ्या गाईंतून निघालेला, गाठी झालेला. मी तो टाकून देणार होते.

अज्जांचे हात दिसत नसताना चालतात. दोन्ही तळव्यांत मातीची वळी, अंगठ्यानं दाबून वशिंड वर काढलं, पाय वेगळे लावले नाहीत, त्याच गोळ्यातून खाली ओढले. "लावलेला पाय निसटतो. ओढलेला राहतो." डोळ्यांना जोंधळ्याचे दाणे. धाकटीचे तीन बैल मोडले, चौथा उभा राहिला. जोडी पूर्ण करायला दुसरा अज्जांनी दिला, म्हणून आमच्या जोडीत एक मोठा आणि एक लहान आहे.

ते म्हणाले, मातीच्या पूजा पाच. ही पहिली, मग आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा, मग नागपंचमीचा नाग, मग गणपती, मग जोकुमार. म्हणजे पावसाळाभर पोरांच्या हाताला माती. मी ह्याच भागात वाढले, आणि हे असं ओळीनं कधी कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवार, १३ जुलै

धाकटी पहिलीत गेली, म्हणजे वयानं गेली. शाळा बंद आणि पहिली ते पाचवीला ऑनलाइन वर्ग नकोत असं सरकारनं गेल्या महिन्यात सांगितलं. पुढं कोर्टात काय झालं ते झालं, आमच्याकडं फोन एकच आणि तो थोरल्याला लागतो. म्हणून तिनं सोप्यात शाळा काढलीय. हजेरीपट माझ्या मापांच्या वहीत :

गंपू, हजर. गाय, हजर. मिशी मांजर, उशिरा. मगर, गावाला. उंदीर (कोय), हजर. छोटा बैल, हजर, कन्नड.

मातीचा बैल कन्नड आहे, कारण तो अज्जांकडं जन्मला. त्याला मराठी कळतं, बोलता येत नाही. गाईचं उलटं. त्यांच्यामधे गंपू दुभाषी. धाकटी अज्जांकडून खिडकीतून कन्नड अक्षरं विचारून येते आणि सगळ्यांना पाटीवर काढून देते.

ऑगस्ट

पाऊस. कापडी जनावरांना बुरशी. सगळी चुलीच्या वरच्या फळीवर. कडुनिंबाचा पाला मधे घातला. बाकी काही नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

किल्ला झाला. बेळगावात दिवाळीत किल्ला नाही असं होत नाही, यंदाही झालं नाही. थोरल्यानं राजहंसगड केला, येळ्ळूरला जाऊन बघितलेला, आठवणीतून. शिवाजी महाराज जुनेच. मावळे कमी पडले म्हणून पायथ्याला जनावरं बसली. खंदकात मगर. दरवाजावर गंपू, सोंडेची बाही काढून. धाकटी म्हणाली, पहारेकऱ्याचं तोंड दिसायला पाहिजे. गल्लीतल्या अकरा घरांतून जनावरं आली, अज्जांचा खिलारी बैल सोडून. तो खिडकीतून हलवायचा नाही असं त्यांनी सांगितलं, तिथून सगळं दिसतं म्हणून.

शनिवार, ८ मे २०२१

सहा महिन्यांनी वही उघडली. वाटलं होतं आता गरज नाही.

ह्यांना मंगळवारी ताप आला, गुरुवारी तपासणीचा निकाल आला. मागची खोली दिली. ताट उंबऱ्यावर ठेवते, मागं सरते, मग ते घेतात. दर चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. मी आकडे ह्याच वहीत मागच्या पानांवर लिहितेय. सोमवारपासून पुन्हा सगळं बंद.

धाकटी काही विचारत नाही. काल दुपारी तिनं मगर आणून उंबऱ्यापाशी उभी केली, तोंड आत, पोकळी रिकामी. रात्री गंपूला घेऊन आली. मी म्हटलं, बाळा, तो आत गेला तर पंधरा दिवस बाहेर येणार नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. तो आधी चौदा दिवस राहिलाय. पप्पा पहिल्यांदाच राहतायत."

तिनं त्याला उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं सरली. मग आतून हात आला आणि गंपू आत गेला.

बुधवार, १२ मे

९३. ९४. ९३. डॉक्टर फोनवर म्हणाले, पालथं झोपू दे. हे गंपू छातीखाली घेऊन पालथे झोपतात. उशी फार उंच होते म्हणाले, हत्ती बरोबर बसतो.

रविवार, १६ मे

९५. अज्जांना काल दवाखान्यात नेलं.

शनिवार, २२ मे

अज्जा पहाटे गेले. घरी आणलं नाही. गल्लीतून कुणाला जाता आलं नाही. आम्ही आपापल्या दारात उभे राहिलो. सूनबाई खिडकीतल्या बैलाच्या मागं उभी होती, तिचं तोंड दिसत नव्हतं.

मंगळवार, २५ मे

हे बाहेर आले. पाच किलो कमी. गंपूही आला. साबणाच्या पाण्यात अर्धा तास, मग दोरीवर. कानांना चिमटे लावले तर धाकटी धावत आली, "कानाला नको, तो शिवलेला आहे." मग सुपात पाला पसरून त्यावर ठेवला. मध्ये उसवून बघितलं नाही. फरचं खेळणं आहे, आत काय भरलंय देव जाणे. चार दिवस उन्हात फिरवत राहिले.

रविवार, ११ जुलै

परवाच्या मण्णेत्तिन अमावस्येला सूनबाईनं सकाळी काळी मातीची पाटी आणून कट्ट्यावर ठेवली आणि काही न बोलता आत गेली. पोरं गोळा झाली. शिकवणारं कुणी नाही. धाकटीनं राख घातली, कापूस पिंजला, मळून फडक्याखाली ठेवला. समोरचं बाळ आता पावणेतीन वर्षांचं, ते पाय वेगळे करून चिकटवत होतं. धाकटी म्हणाली, "लावू नको. ओढ." आणि त्याचा अंगठा धरून ओढून दाखवला.

जोडी केली. एक लहान आणि एक त्याहून थोडा मोठा. सूनबाईनं ती खिडकीत कापडी बैलाच्या दोन्ही बाजूंना ठेवली.

सोमवार, २५ ऑक्टोबर

पहिली ते पाचवीच्या शाळा आज उघडल्या. धाकटी दुसरीच्या वर्गात गेली, पहिलीच्या बाकावर कधी न बसता. दप्तर भरताना गंपूला आत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. शेवटी खिडकीत ठेवला, तोंड शाळेच्या रस्त्याकडं. "चार वाजता येतो करून सांगितलंय त्याला." सासूबाई दुपारभर खिडकीपाशी बसून होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मी बसतो की इथं, तो एकटा आहे."

मंगळवार, २ नोव्हेंबर

किल्ल्याची माती आली. दोन्ही माग चालू आहेत, ह्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही.

सूनबाई अज्जांचा बैल घेऊन आली. डावं शिंग मऊ पडून लोंबतंय, पावसाळ्याची ओल लागली. उसवून बघितलं तर सुतळी चांगली आहे, खळ गेलीय. नवी खळ केली, यंदा थोडी घट्ट. वाकवताना तांब्याच्या गळ्यापेक्षा जरा मोठा घेर हवा होता. अज्जांनी हवेत काढलेलं शिंग अजून डोळ्यांपुढं आहे, ते असं मागं जातं आणि मग वर. मागच्या वेळी मी ते नीट पकडलं नव्हतं. ह्यांनी मगरीची पाठ पुढं केली. तिच्यावर बांधून वाळत ठेवलंय. परवापर्यंत कडक होईल.